साथ ओसरते, शीण उरतो : आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्याविषयी एक अभ्यास



या अहवालाच्या अखेरीस, दरवर्षीप्रमाणे, संस्थेचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक जोडलेले आहे. त्यात ‘घसारा’ या शीर्षकाखाली एक रक्कम आपणांस दिसेल. क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रियागृहातील दिवे, रुग्णवाहिका, खाटा या वस्तू वापराने झिजतात. ही झीज बिघाड होण्याची वाट न पाहता वर्षाच्या वर्षाला हिशेबात धरावी, असा लेखाशास्त्राचा साधा आणि शहाणपणाचा नियम आहे. या वस्तूंपाशी अहोरात्र उभी राहणारी माणसेही झिजतात. त्यांचे वेतन पत्रकात दिसते, झीज दिसत नाही. ती दिसते तेव्हा राजीनामा, दीर्घ रजा किंवा आजारपण या रूपाने दिसते आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

कोविड-१९ च्या साथीत आरोग्यसेवकांवर आलेला मानसिक ताण हा या लेखाचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगाला महासाथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी संपल्याचे घोषित केले. साथ सरली, मग आता हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या अभ्यासातूनच मिळते. साथीचा मानसिक परिणाम साथीबरोबर संपत नाही, आणि पुढील साथीची तयारी दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांतच करावी लागते. आम्ही वैद्यकशास्त्राचे अभ्यासक नव्हे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचे काम करणारे आहोत. प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचून, व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्यांतून जो बोध घेता येतो तो येथे मांडला आहे.

सार्सच्या साथीचा धडा

सन २००३ मध्ये सार्स नावाच्या श्वसनरोगाची साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जगभरात ८,०९८ जणांना हा आजार झाला आणि ७७४ जण दगावले. बाधितांपैकी सुमारे २१ टक्के, म्हणजे दर पाच रुग्णांमागे एक, आरोग्यसेवक होते. हा रोग मुख्यतः रुग्णालयांतच पसरला. कॅनडातील टोरांटो शहराला त्याचा मोठा तडाखा बसला. त्या देशात ४४ जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते.

साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. परंतु टोरांटोतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच न थांबता, साथ संपल्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी ७६९ आरोग्यसेवकांची पाहणी केली. सार्सचे रुग्ण हाताळलेली टोरांटोची नऊ रुग्णालये आणि सार्सचे रुग्ण न आलेली जवळच्याच हॅमिल्टन शहरातील चार रुग्णालये यांची ही तुलना होती. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. टोरांटोतील सुमारे ४५ टक्के कर्मचाऱ्यांत मानसिक ताणाची ठळक लक्षणे आढळली. हॅमिल्टनमध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. कामाने पूर्ण थकून गेल्याची भावना टोरांटोत ३० टक्क्यांच्या, तर हॅमिल्टनमध्ये १९ टक्क्यांच्या आसपास होती. शिवाय टोरांटोतील अधिक कर्मचाऱ्यांनी रुग्णांशी थेट संबंध येणारे काम किंवा कामाचे तास कमी केले होते. शेवटचा रुग्ण घरी जाऊन वर्ष-दोन वर्षे लोटली होती, तरी ही स्थिती होती.

या पाहणीतील दुसरा निष्कर्ष व्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. ज्यांना आपले प्रशिक्षण पुरेसे झाले होते, संरक्षणाची साधने मिळाली होती आणि संस्था आपल्या पाठीशी उभी राहिली असे वाटत होते, त्यांच्यावर दीर्घकालीन परिणाम कमी झाला होता. याचाच अर्थ असा, की कोण किती खचला हे केवळ त्याच्या मनोबलावर ठरले नव्हते. संस्थेने काय केले आणि काय केले नाही, यावरही ते ठरले होते.

कोविडच्या काळात काय घडले

कोविडचा उद्रेक झाल्यावर चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ आरोग्यसेवकांची पाहणी २०२० च्या जानेवारी अखेरीस आणि फेब्रुवारीच्या प्रारंभी झाली. त्यांपैकी ५०.४ टक्के जणांत नैराश्याची, ४४.६ टक्के जणांत चिंतेची आणि ३४ टक्के जणांत निद्रानाशाची लक्षणे होती. परिचारिका, स्त्री कर्मचारी आणि प्रत्यक्ष कोविड कक्षात काम करणारे यांच्यात ती अधिक तीव्र होती.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. अशा पाहण्यांत प्रश्नावली भरून घेतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप लागली नाही, किती दिवस कशातच रस वाटला नाही’, असे प्रश्न असतात आणि उत्तरांना गुण दिले जातात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पन्नास टक्के कर्मचारी मनोरुग्ण झाले, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. टोरांटोतही पुढे प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या तेव्हा नव्याने मानसिक आजार जडलेल्यांचे प्रमाण बरेच कमी निघाले. बहुसंख्य कर्मचारी आजारी नव्हते. ते त्रस्त होते. आजाराला औषधोपचार लागतो, त्रासाला कारण दूर करावे लागते, आणि ते करणे पुष्कळदा व्यवस्थापनाच्या हाती असते.

आपल्याकडे हा त्रास टप्प्याटप्प्याने आला. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये पहिले भय संसर्गाचे होते, तेही स्वतःपेक्षा घरच्यांना होईल याचे. रात्रपाळी करून घरी जाणारी परिचारिका वृद्ध सासूसासऱ्यांपासून आणि लहान मुलांपासून वेगळी राहत होती. कित्येकांनी महिनोन्‌महिने वसतिगृहात किंवा हॉटेलच्या खोलीत काढले. संरक्षक पोशाख, म्हणजे पीपीई किट, एकदा चढविला की पाळी संपेपर्यंत पाणी पिता येत नसे, शौचालयात जाता येत नसे. एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात ते अंगावर वागविणे ही शिक्षाच होती. मुखपट्टी आणि चष्म्यामागे चेहरा झाकलेला, म्हणून अनेक ठिकाणी पोशाखावर जाड शाईने नाव लिहीत. नाहीतर सहकारीही ओळखू येत नसत. मुंबईतील काही रुग्णालये तेथील कर्मचारीच बाधित झाल्याने एप्रिल २०२० मध्ये काही काळ बंद ठेवावी लागली. मे महिन्यात कोलकात्यातील खासगी रुग्णालयांतून शेकडो परिचारिका मणिपूर आणि इतर राज्यांतील आपापल्या गावी परतल्या.

दुसरा त्रास समाजाकडून झाला. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील निवासी डॉक्टरांच्या संघटनेला केंद्रीय गृहमंत्र्यांकडे दाद मागावी लागली, कारण घरमालक डॉक्टरांना घर सोडण्यास सांगत होते. एप्रिलमध्ये चेन्नईत कोविडने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरांच्या दफनाला जमावाने विरोध केला. रुग्णवाहिकेवर दगडफेक झाली. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून आरोग्यसेवकांवरील हिंसेसाठी तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. दुरुस्ती झाली ती १८९७ च्या साथरोग कायद्यात. हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी करण्यात आला होता. त्याच प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीत सेवा करणाऱ्याने काय पणाला लावलेले असते, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

१६ जानेवारी २०२१ पासून लसीकरणास आरंभ झाला आणि पहिला मान आरोग्यसेवकांना मिळाला. संसर्गाचे भय थोडे ओसरले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत दुसरी लाट आली आणि तिने वेगळाच घाव घातला. खाटा भरलेल्या, ऑक्सिजनचा टँकर वाटेत, रेमडेसिव्हिरसाठी नातेवाइकांची वणवण, आणि दारात उभ्या रिक्षात धाप लागलेला रुग्ण, अशी स्थिती राज्यातील अनेक शहरांत होती. नाशिक येथील महापालिकेच्या रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा प्रसंगी खाटेशेजारी उभे राहून हातपंपाने श्वास देत राहिलेल्या कर्मचाऱ्याच्या मनावर काय कोरले जात असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या माहितीप्रमाणे पहिल्या लाटेत साडेसातशेच्या आणि दुसऱ्या लाटेत जून २०२१ अखेरपर्यंत आठशेच्या आसपास डॉक्टर मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याच मृत्यूचे कागद भरण्याची वेळ सहकाऱ्यांवर आली. शोक करण्यास मात्र सवड नव्हती. पुढची पाळी उभी होती.

ताण, शक्तिक्षय आणि नैतिक आघात

मानसिक त्रास हा शब्द आपण सरसकट वापरतो. अभ्यासकांनी त्यातील निदान तीन अवस्था वेगळ्या ओळखल्या आहेत, आणि प्रत्येकीचा उपायही वेगळा आहे.

पहिली अवस्था ताण. काम वाढले, भय वाटले, की तो येतोच. काही प्रमाणात तो उपयोगीही असतो. माणूस सावध राहतो. विश्रांती, झोप आणि चार शब्द बोलायला माणूस मिळाला की तो उतरतो.

दुसरी अवस्था बर्नआउट, म्हणजे कामातून होणारा शक्तिक्षय. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा मांडली आणि क्रिस्टिना मास्लाक यांनी पुढे तिचे मोजमाप तयार केले. तिची लक्षणे तीन : भावना आटून जाणे, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहू लागणे आणि आपल्या कामाला काही अर्थ नाही असे वाटणे. एरवी मायेने बोलणारी परिचारिका ‘सात नंबरची खाट’ एवढेच म्हणू लागली, तर ती उद्धट झाली असे मानण्यापूर्वी तिच्या मागील दोन महिन्यांच्या पाळ्या तपासून पाहाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत शक्तिक्षयाला आजार म्हटलेले नाही, तर व्यवसायजन्य घटना म्हटले आहे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, असे त्याचे वर्णन तेथे आहे. म्हणून त्याचा उपायही कामाच्या ठिकाणीच शोधला पाहिजे.

तिसरी अवस्था नैतिक आघात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ही कल्पना मांडली, आणि मार्च २०२० मध्ये लंडनमधील नील ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांनी कोविडच्या संदर्भात आरोग्यसेवकांबाबत तिचा इशारा दिला. आपल्या मूल्यांशी विसंगत असे काही करावे लागले, किंवा होताना पाहावे लागले आणि थांबविता आले नाही, तर मनाला जी जखम होते ती ही. व्हेंटिलेटर एक आणि गरजू दोन. आई शेवटचे क्षण मोजते आहे आणि मुलाला आत सोडण्याची परवानगी नाही. मोबाइलवरून चेहरा दाखविण्यासाठी हात धरून उभी परिचारिका. यात कोणाचाही दोष नसतो, पण रात्री झोप लागत नाही. ‘तुम्ही पुष्कळ केलेत’ एवढ्याने ही जखम भरत नाही. निर्णय एकट्याचा नव्हता आणि तो ठरलेल्या नियमाने, वरिष्ठांच्या जबाबदारीवर घेतला गेला, हे कर्मचाऱ्याला त्याच वेळी ठाऊक असणे हाच येथे मोठा आधार असतो.

या तिन्ही अवस्था केवळ डॉक्टर आणि परिचारिका यांच्याच नव्हेत. कक्षातील मावशी आणि मामा, सफाई कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातील सेवक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि नोंदणीच्या खिडकीवर नातेवाइकांचा रोष झेलणारे लिपिक यांनाही त्या भोगाव्या लागल्या. गावोगावी दारोदार फिरणाऱ्या आशा स्वयंसेविकांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचाच गौरव केला.

ड्यूटीच्या तक्त्यातील गणित

रुग्णालयातील बराचसा ताण ड्यूटीच्या तक्त्यात जन्मतो. हे गणित देणगीदारांसमोर क्वचितच मांडले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अतिदक्षता विभागात एका ठिकाणी चोवीस तास एक परिचारिका हवी असे समजू. आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन परिचारिका, असे वरकरणी वाटते. परंतु वर्षाचे दिवस ३६५. त्यातून साप्ताहिक सुट्ट्या ५२ आणि इतर सर्व रजा मिळून ३३ दिवस वजा केले, तर एक व्यक्ती २८० दिवसच उपलब्ध असते. म्हणजे प्रत्येक जागेमागे १.३ माणसे लागतात आणि तीन पाळ्यांसाठी ३.९, म्हणजेच चार. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलेले आहे, त्यामागील हिशेब हाच. हे राखीव मनुष्यबळ नसेल, तर कोणाची तरी सुट्टी रद्द होते किंवा कोणाला तरी सलग दुसरी पाळी करावी लागते.

आता साथ आली असे समजा. पीपीई किट घालून आठ तास काम अशक्य, म्हणून अनेक रुग्णालयांनी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. आठवडाभर काम केलेल्या तुकडीला पुढील आठवडा विलगीकरणात ठेवावे लागले, म्हणून तुकड्या दोन झाल्या. त्याच एका जागेसाठी आता चार गुणिले दोन, म्हणजे आठ माणसे हवीत. आणि यात आजारी पडलेले धरलेलेच नाहीत. गरज दुप्पट झाली आणि माणसे तेवढीच राहिली, किंबहुना कमी झाली. ही तफावत कोणीतरी आपल्या झोपेतून भरून काढली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर कर्मचाऱ्यांनी रुग्णालयाला दिलेले ते बिनव्याजी कर्ज होते.

कोणती मदत उपयोगी पडली

चीनमधील हूनान प्रांतातील एका मोठ्या रुग्णालयाचा अनुभव येथे नमूद करण्याजोगा आहे. साथीच्या प्रारंभी तेथील व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक, दूरध्वनी सेवा आणि ताणनियमनाचे वर्ग अशी योजना आखली. कर्मचाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले, की मानसशास्त्रज्ञ नको. विनाव्यत्यय विश्रांती आणि पुरेशी संरक्षक साधने द्या. कित्येकांची मुख्य चिंता घरच्यांची होती. तेव्हा रुग्णालयाने विश्रांतीची जागा उपलब्ध केली, जेवणाची हमी घेतली, आणि कर्मचाऱ्यांचे दैनंदिन जीवन चित्रित करून घरी पाठविण्याची सोय केली. अस्वस्थ किंवा आक्रमक रुग्णांना कसे हाताळावे याचे शिक्षणही दिले. समुपदेशक त्या विश्रांतिकक्षातच जाऊन बसू लागले आणि मग कर्मचारी त्यांच्याशी बोलू लागले.

समुपदेशन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी झोप, अन्न, पाणी, सुरक्षितता आणि खरी माहिती. मग बोलण्याची सोय. आणि ज्यांना आवश्यक आहे त्यांना तज्ज्ञांचे उपचार. मोठ्या आघातानंतर सर्वांना एकत्र बसवून सक्तीने अनुभव सांगायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. ती हितकारक नसल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या. ही तीन कामे शिकण्यास डॉक्टर असावे लागत नाही. कक्षप्रमुख परिचारिका, पर्यवेक्षक किंवा कार्यालयातील ज्येष्ठ लिपिकही ती शिकू शकतात.

मात्र झोप न लागणे, चिडचिड, रडू येणे, कशातच मन न लागणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर विलंब न करता तज्ज्ञांकडे गेले पाहिजे. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आपले जीवन संपविले. मदत मागितली तर व्यवसायात कमीपणा येईल, हे भय अनेक वैद्यकीय व्यावसायिकांना असते, याकडे त्या घटनेने लक्ष वेधले. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठीचा कायदा झाला. आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. ही सेवा कर्मचाऱ्यांसाठी आहे, तशीच रुग्णांच्या आप्तेष्टांसाठीही आहे. तसेच मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. समूह विमा घेताना हे कलम आवर्जून पाहावे.

आमचे निवेदन

या अभ्यासातून पुढील गोष्टी आम्ही विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

१. रजेसाठीचे राखीव मनुष्यबळ हा जास्तीचा खर्च न मानता यंत्राच्या देखभालीसारखा आवश्यक खर्च मानावा. अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र शीर्षक असावे.

२. प्रत्येक मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी झोपता येईल अशी स्वच्छ खोली, गरम जेवण आणि रात्रपाळीच्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी घरपोच वाहन असावे.

३. संरक्षक साधनांचा किमान तीन महिन्यांचा साठा ठेवावा आणि ती चढविण्या-उतरविण्याचा सराव साथ नसतानाही वर्षातून दोनदा घ्यावा.

४. खाटा अपुऱ्या पडल्या तर प्राधान्य कोणाला द्यावे, याचे लेखी नियम आधीच ठरवावेत आणि तो निर्णय वरिष्ठ डॉक्टरांच्या समितीने घ्यावा. मध्यरात्री एकट्या निवासी डॉक्टरावर तो भार पडू नये.

५. कंत्राटी सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांना या सर्व सोयी कायम कर्मचाऱ्यांप्रमाणेच मिळाव्यात. विषाणू सेवापुस्तिका पाहून येत नाही.

६. समुपदेशकांनी कार्यालयात वाट पाहण्यापेक्षा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी विश्रांतिकक्षात उपस्थित राहावे. संभाषणाची नोंद कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेत जाणार नाही, अशी लेखी हमी असावी.

यासाठी लागणारा पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आहे. सार्वजनिक न्यास कायद्याखालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये जो निर्धन रुग्ण निधी ठेवतात, तो निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारासाठीच असतो आणि त्यासाठीच वापरला पाहिजे. म्हणून कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी वेगळा निधी हवा. देणगीदारांचा ओढा स्वाभाविकपणे यंत्रांकडे असतो. यंत्रावर वडिलांच्या किंवा आईच्या नावाची पाटी लागते आणि ती डोळ्यांना दिसते. त्या देणग्यांमुळेच हे रुग्णालय उभे आहे. आमची विनंती एवढीच, की एखादी पाटी विश्रांतिकक्षाच्या दारावरही लागावी. एका राखीव परिचारिकेच्या वर्षभराच्या वेतनाचा भार उचलणे, हेही एखादे यंत्र देण्याइतकेच पुण्याचे काम आहे. किंबहुना त्या यंत्राला हात देणारी व्यक्ती त्यामुळे जागी आणि सावध राहते.

रुग्णांच्या आप्तेष्टांकडून पैशाची अपेक्षा नाही. त्यांच्या हाती मात्र पुष्कळ आहे. एका रुग्णामागे घरातील एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे आणि इतरांना कळवावे. चौकशी ठरलेल्या वेळी करावी. मनात शंका वा तक्रार असेल तर ती लेखी द्यावी. तिचे उत्तर देण्यास आम्ही बांधील आहोत. आरोग्यसेवकांवर हात उगारणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. कायद्याच्या धाकापेक्षा परस्पर विश्वासाने हे घडू नये, अशी आमची इच्छा आहे. आणि रुग्ण बरा होऊन घरी निघताना ज्या सिस्टरने, ज्या मावशींनी त्याचे केले, त्यांना त्यांच्या नावाने हाक मारून निरोप घ्यावा. आपल्या कामाला अर्थ आहे, ही जाणीव शक्तिक्षयावरील उतारा आहे, आणि ती आपल्यासारखी कोणी देऊ शकत नाही.

पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. १८९७, २००३ आणि २०२० या सालांकडे पाहता ती येणार नाही असे मात्र म्हणवत नाही. त्या वेळी पहिल्या दिवशी कामावर येणारी माणसे हीच असतील. मागील साथीने त्यांच्याकडून जे घेतले, त्याची भरपाई आज केली, तरच ती उद्या पुन्हा उभी राहू शकतील. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी एक शीर्षक उघडण्याची अनुमती विश्वस्त मंडळाने द्यावी आणि त्याखालील रकाना देणगीदारांनी आपल्या औदार्याने भरावा, अशी नम्र विनंती करून हे निवेदन पुरे करतो.



रुग्णालय प्रशासन विभाग